एकाच बटणावर सगळं कॅबिनेट

प्रश्न : घरच्या आर्केड कॅबिनेटमध्ये (व्हिडिओ गेम खेळायचं उभं यंत्र) जुना डेस्कटॉप, मॉनिटर, छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि वरच्या नामफलकामागे एलईडी पट्टी आहे. सगळं भिंतीवरच्या एकाच स्विचने बंद करतो. हल्ली विंडोज सुरू होताना वारंवार डिस्क तपासत बसतं. शिवाय चालू करताना मागचं दार उघडून पीसीचं बटण दाबावं लागतं. एका बटणात भागेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भागेल, पण ते बटण वीज तोडणारं नको. विंडोज चालू असताना वीज तोडली की फाइलींचं लिखाण अर्धवट राहतं, म्हणूनच ती तपासणी होते. भिंतीवरचा स्विच चालूच ठेवा.

साधं आर्केडचं पुश बटण घ्या. त्याच्या खालच्या छोट्या मायक्रोस्विचच्या कॉमन आणि एनओ (बटण दाबल्यावरच कॉमनला जोडलं जाणारं) टोकांपासून दोन वायरी मदरबोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना जोडा. उलटसुलट झाल्या तरी चालतं. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये हे बटण दाबल्यावर ‘शट डाउन’ निवडा. बटण जॉयस्टिकपासून दूर, कॅबिनेटच्या माथ्यावर बसवा. सुमारे ४ सेकंद दाबून धरलं तर पीसी जबरदस्तीने बंद होतो आणि मूळचंच दुखणं परत येतं.

एलईडी पट्टी १२ व्होल्टची असेल तर एसएमपीएसच्या (पीसीला वीज देणारा डबा) मोलेक्स या चार पिनांच्या कनेक्टरची पिवळी (+१२) आणि काळी वायर तिला द्या. लाल वायर ५ व्होल्टची, ती सोडा. मीटरला ६० दिव्यांची ५०५० (एलईडीचा आकार) पट्टी मीटरमागे साधारण १.२ अँपिअर घेते. १ मीटरला एसएमपीएस सहज पुरतो.

अ‍ॅम्प्लिफायर मात्र त्याच १२ व्होल्टवर चालवू नका, स्पीकरमधून घरघर येते. त्याचा अ‍ॅडॉप्टर वेगळाच ठेवून रिलेतून, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की आपोआप जोडल्या जाणाऱ्या स्विचमधून, चालवा : कॉइल १२ व्होल्ट, कॉन्टॅक्ट (स्विचची टोकं) २५० व्होल्ट एसी १० अँपिअर. कॉइल पिवळ्या-काळ्या वायरींवर, तिला समांतर १एन४००७ डायोड, डायोडवरचा पट्टा पिवळीकडे. डायोड वगळला तर कॉइल सुटताना उसळणारा व्होल्टेज पीसीच्या १२ व्होल्टच्या लाइनवर जातो. रिलेतून फक्त फेज न्या, न्यूट्रल आणि अर्थिंग थेट ठेवा, सगळं बंद डब्यात. २३० व्होल्टची ही जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

मॉनिटर सिग्नल गेल्यावर आपोआप स्टँडबायला जातो, त्याला रिले लागत नाही.

पीसी बंद असूनही यूएसबी एन्कोडरचे (बटणं-जॉयस्टिक पीसीला जोडणारा बोर्ड) दिवे जळत राहिले तर बायोसमध्ये (मदरबोर्डची मूळ सेटिंग) ‘ईआरपी’ ही पीसी बंद असतानाची वीज वाचवणारी सोय चालू करा. तिथेच वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग ‘पॉवर ऑफ’वर ठेवा, नाहीतर रात्री गेलेली वीज आली की कॅबिनेट आपणहून सुरू होईल.