छोट्या रिमोट कारला पुढचं सस्पेन्शन स्वस्तात कसं करावं?

भाऊ, तुमची 1:28 ची (खऱ्या गाडीच्या अठ्ठाविसाव्या हिश्शाएवढी) गाडी फरशीच्या सांध्यावर उडते आणि वळणावर सरळच पळते, असं तुम्ही लिहिलंय. आधी गाडी उलटी करून पुढचं चाक बोटानं दाबून सोडा. या गाड्यांत बहुधा चाकाचा नकल (चाक धरणारा, वळणारा तुकडा) एका उभ्या पिनवर, म्हणजे किंगपिनवर, वरखाली सरकतो, सोबत इवलीशी स्प्रिंग. चाक मधेच अडकत असेल तर आधी पिन पाहा, स्प्रिंग नंतर.

पिन बदलायची तर नकलचं भोक 2 मिमीचं असल्यास सायकलचा जुना स्पोक चालतो, जाडी साधारण तेवढीच. सरळ तुकडा कापा, टोकं कानशीनं घासा, बारीक पॉलिश पेपरनं चकचकीत करा.

स्प्रिंग बॉलपेनची. इथंच पोट्टे फसतात. वेटोळे कापले की स्प्रिंग नरम होते असं वाटतं, पण ती कडक होते. वेटोळे निम्मे केले तर दुप्पट कडक. तुम्हाला पुढं पकड पाहिजे, म्हणजे नरम पाहिजे. तेव्हा पातळ तारेची शोधा, दोन-चार पेनं खोलून पाहा, आणि दोन्हीकडं वेटोळे मोजूनच बसवा.

पिनवर सिलिकॉन ग्रीसचा ठिपका, तोच आपला डॅम्पर, म्हणजे चाकाची उसळी थोपवणारा. बंडीचं वंगण नका लावू, धूळ धरते. दिवाळीनंतर आमच्या घरात कापूस भरला होता, तेव्हा मी आठवडाभर स्प्रिंगलाच शिव्या देत होतो. खोलून पाहिलं तर पिनला कापसाची वात वळलेली!