चार गोळ्या घरी, सही माझी एकटीची: यात गुन्हा कुठे आहे?

प्रश्न: माझं वय २९, मुलगा दीड वर्षाचा. निरोध फाटला आणि पुन्हा दिवस राहिले. आज सहा आठवडे चार दिवस झाले. काल स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमसमोर पहिली गोळी घेतली, उरलेल्या चार उद्या घरी घ्यायच्या आहेत. मिस्टर बाहेरगावी नोकरीला आहेत आणि त्यांना हे मान्य नाही. फॉर्मवर सही माझी एकटीची. दिराच्या हाती गोळ्यांचं पाकीट लागलं. त्यावर 'केवळ मान्यताप्राप्त वैद्यकीय केंद्रातच वापरावे' अशा अर्थाचं इंग्रजीत छापलंय. ते दाखवून तो म्हणतो, घरात पोट पाडणं गुन्हा आहे, पोलिसात देतो. शिवाय माझ्या फॉलोअप कार्डावर नाव नाही, नुसता नंबर आहे. मॅडम बोगस तर नाहीत? आणि रक्तस्राव वाढून सिव्हिलला जावं लागलं तर पोलीस केस होईल का?

उत्तर: आधी उद्याचं बघू, कायदा नंतर. मॅडमनी दिलेल्या वेळेला उरलेल्या गोळ्या घ्या. तुमचंच मन बदललं असेल तर गोष्ट वेगळी, मग आजच त्यांना फोन करा. पण दिराच्या धाकाने मध्येच थांबू नका. पहिली गोळी म्हणजे २०० मिलिग्रॅम मिफेप्रिस्टोन. ती गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनचं काम बंद पाडते, पण एकटी काम पुरं करेलच असं नाही. पुढच्या मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या २४ ते ४८ तासांनी घेतल्या की गर्भाशय आकुंचन पावून रिकामं होतं. अर्ध्यात सोडलं तर अर्धवट गर्भपात, जास्त रक्तस्राव आणि त्याच सिव्हिलची फेरी, जी तुम्हाला टाळायची आहे. दिराने पाकीट काढून घेतलं तर मॅडमकडून दुसरं घ्या. कुणाच्या ओळखीने दुकानातून विनाचिठ्ठी आणलेलं चालणार नाही. हे शेड्युल एचमधलं औषध आहे आणि तुमची कायदेशीर बाजू त्या चिठ्ठीवरच उभी आहे.

आता गुन्ह्याचं. दीर पूर्ण हवेत बोलत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ खाली गर्भपात घडवून आणणं हा गुन्हा आहे आणि स्वतःचा गर्भपात करणारी स्त्रीही त्यात धरली आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा याला अपवाद उभा करतो: नोंदणीकृत डॉक्टरने कायद्यातल्या कारणासाठी, स्त्रीच्या संमतीने केलेला गर्भपात गुन्हा ठरत नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. तुमचं कारणही कायद्यात शब्दशः आहे. गर्भनिरोधक साधन फसल्यामुळे राहिलेल्या गर्भाचा मनस्ताप ही स्त्रीच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा मानली जाते. २०२१ च्या दुरुस्तीत तिथला 'विवाहित स्त्री व तिचा पती' हा उल्लेखही गेला, आता 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आहे.

म्हणजे प्रश्न तुम्ही कुठल्या पलंगावर झोपलात हा नाही. गोळ्या कोणी, कशाच्या आधारावर दिल्या हा आहे. नियमांप्रमाणे नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी डॉक्टर आपल्या क्लिनिकमध्येच गोळ्या लिहून देऊ शकतात. अट एवढीच की मान्यताप्राप्त केंद्राशी त्यांची सोय असावी आणि त्या केंद्राच्या मालकाचं तसं प्रमाणपत्र क्लिनिकमध्ये लावलेलं असावं. क्लिनिक स्वतःच मान्यताप्राप्त असेल तर भिंतीवर फॉर्म बी, म्हणजे मान्यतेचं प्रमाणपत्र, दिसेल. मॅडमच्या भिंतीवर यातलं काय आहे ते पाहून घ्या. नऊ आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे ६३ दिवस. तुमचे आज ४६ झाले. दुसऱ्या टप्प्याच्या गोळ्या घरी घेऊ द्यायच्या की नाही हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक पुस्तिकेने डॉक्टरवर सोडलंय. मात्र बाईला केव्हाही दवाखाना गाठता यायला हवा. रात्री-अपरात्री गाडी कोण काढणार, हे आजच ठरवून ठेवा.

पाकिटावरची सूचना उत्पादकाला छापावीच लागते. ती कायद्याच्या चौकटीची आठवण आहे, घरी गोळी घेणाऱ्या बाईसाठी वेगळा गुन्हा त्यातून तयार होत नाही.

नंबराबद्दल तर निर्धास्त राहा. बोगस डॉक्टर असता तर कार्डावर तुमचं नाव बिनदिक्कत लिहिलं असतं! २००३ च्या विनियमांप्रमाणे गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचं नाव फक्त प्रवेश नोंदवहीत लिहायचं असतं. केस पेपर, फॉलोअप कार्ड, बाकी सगळीकडे त्या वहीतला अनुक्रमांक, आणि दर जानेवारीला क्रम पुन्हा एकपासून सुरू होतो म्हणून पुढे वर्ष. कार्डावरचा आकडा १४ आणि चालू वर्ष असा काहीसा असेल. तुमची सही असलेला संमतीचा फॉर्म सी आणि डॉक्टरांचं मत 'गुप्त' असं लिहिलेल्या सीलबंद पाकिटात जातं. बोगसपणा ओळखायचा तर डिग्री बघा. बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टरला या गोळ्या द्यायचा अधिकार नाही. एमबीबीएस असेल तर या विषयाचा नियमांत ठरवलेला अनुभव लागतो. स्त्रीरोगतज्ज्ञ एमडी किंवा डीजीओ असेल आणि राज्याच्या वैद्यकीय परिषदेत नोंद असेल तर प्रश्न मिटला.

नवऱ्याची सही लागत नाही. १८ वर्षं पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरेशी आहे. पालकाची सही अल्पवयीन किंवा मानसिक आजारी स्त्रीपुरती. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना बजावलं की कायद्यात नसलेल्या अटी घालू नका, त्यात घरच्यांची संमतीही आली. एक अप्रिय गोष्ट मात्र आताच सांगून ठेवतो. २००७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक क्रूरतेची उदाहरणं देताना, वैद्यकीय कारणाशिवाय किंवा पतीच्या संमतीशिवाय वा माहितीशिवाय केलेला गर्भपात हेही एक नमूद केलं होतं. घटस्फोटाच्या अर्जात वकील ते हमखास उद्धृत करतात. २०२२ साली नागपूर खंडपीठाने अशाच वादात, मूल जन्माला घालण्याची सक्ती बाईवर करता येत नाही, असं म्हटलं आहे. तेव्हा फौजदारी भीती नाही, पण कौटुंबिक न्यायालयात हा मुद्दा कधी निघू शकतो. म्हणून मिस्टरांशी या विषयावर मेसेजवर भांडू नका.

सिव्हिलचं. तासाला दोन किंवा जास्त मोठे पॅड भिजणं आणि तसं सलग दोन तास चालणं, २४ तासांहून जास्त ताप, दुर्गंधीचा स्राव, किंवा चार गोळ्यांनंतर २४ तासांत काहीच रक्त न जाणं: यातलं काहीही झालं तर आधी मॅडमना फोन, त्या मिळाल्या नाहीत तर थेट दवाखाना. तिथे 'आपोआप झालं' असं सांगू नका. काय घेतलं आणि कधी, ते खरं सांगा आणि चिठ्ठी पुढे करा. एमएलसी, म्हणजे दवाखान्याने पोलिसांना कळवायची केस, बेकायदा गर्भपाताचा संशय असेल, मुलगी अल्पवयीन असेल किंवा अत्याचाराचा प्रकार असेल तिथे होते. सज्ञान बाई आणि अधिकृत डॉक्टरची चिठ्ठी असताना तिचं कारण उरत नाही. संशय बहुतेक वेळा गोळीने येत नाही, लपवाछपवीने येतो. चिठ्ठी, कार्ड आणि पावती यांचे फोटो काढून विश्वासातल्या एका मैत्रिणीला पाठवून ठेवा, कारण मूळ कागद घरात आहेत आणि घरात दीर आहे.

आता त्याचं. डॉक्टरने तुमचं नाव फोडलं तर गर्भपात कायद्याच्या कलम ५ अ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, पण ते कलम डॉक्टरपुरतं आहे. दिराने पाकिटाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला तर ते त्याला लागत नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. एकाच घरात राहणारा दीर त्यात प्रतिवादी होतो आणि अपमान, धाक, औषध काढून घेणं हे सगळं हिंसाचारात बसतं. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे साधा अर्ज द्या. तातडीला १८१ किंवा ११२.

आणि त्याने खरंच अर्ज दिला, ठाण्यातून फोन आला, तर चौकशीसाठी ठाण्यात जायला तुम्ही बांधील नाही. स्त्रीचा जबाब तिच्या राहत्या घरीच घ्यावा लागतो. फोनवर तपशील सांगू नका, चिठ्ठीची प्रत दाखवा, मूळ कागद हातातून सोडू नका. पंधराव्या दिवसाची तपासणी चुकवू नका. गर्भपात पूर्ण झाल्याची नोंद त्या दिवशी कार्डावर करून घ्या.