पावसाळ्यात मुंबईतल्या आरे आणि ठाण्यातल्या येऊरच्या मातीच्या वाटांवर माउंटन बाइक चालवली तर सायकलची वाट लागते का? आणि वाटेची?

दोघांचीही लागते. चालवा, पण वाट बघून. म्हणजे पायाखालची माती कसली आहे ते बघून, आणि चिखल असेल तर चार दिवस वाट बघून.

माझी शिकवणी आरेतच झाली. काही वर्षांपूर्वी जुलैत रात्रभर कोसळून सकाळी उघडीप मिळाली, म्हणून मी डांबरी रस्ता सोडून गवतातल्या पायवाटेला लागलो. पन्नास मीटरही गेलो नसेन, काळी चिकणमाती गवतासकट टायरला लपेटायला लागली. फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) आणि टायरमधली फट बुजली, ब्रेक दाबून ठेवल्यासारखी सायकल जड झाली. थांबायचं सोडून मी पेडलवर उभा राहिलो. मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागात, गवताचा गोळा अडकला, डिरेलर स्पोक्समध्ये ओढला गेला आणि तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, हँगर, कडकन तुटला. सायकल खांद्यावर मारून रस्त्यापर्यंत आलो. तिचं ध्यान बघून पहिल्या तीन रिक्षावाल्यांनी मान हलवली.

दोन आठवड्यांनी तिथेच पायी गेलो. माझ्या चाकांनी पाडलेल्या घळीत पाणी साचलं होतं. ती पाड्यावरच्या लोकांची रोजची वाट. पाणी टाळायला ते बाजूच्या गवतातून जायला लागले होते, आणि हातभर रुंदीची वाट चार हात झाली होती. ‘चाकोरी’ हा शब्द आपण नोकरी-संसाराबद्दल वापरतो, मूळ अर्थ हाच: चाकाने पाडलेली घळ.

तेव्हापासून माझा एकच नियम. चाकाला माती चिकटायला लागली की तिथून परत. चिकटणारी माती म्हणजे पाणी पिऊन फुगलेली चिकणमाती. चेन आणि गिअर तीच खाते, आणि तिच्यात उमटलेली चाकोरी उन्हात तशीच कडक होते. मुरमाचं वेगळं. तो पाणी खाली सोडतो, त्यामुळे पाऊस थांबून थोडा वेळ गेला की त्यावर चाकाचा ठसाही फारसा राहत नाही.

आता हिशेब करा. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चिकणमातीला वाळायला सवड कधी मिळणार? म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी डांबरावरच असतो: बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता, नाहीतर उपवनकडून येऊरला चढणारा. (उद्यानातल्या आतल्या पायवाटांवर परवानगीशिवाय कधीच शिरू नका, पावसाळा असो वा नसो.) मातीवर उतरायचं ते नवरात्राच्या सुमारास.

तरीही वाटेत डबकं आलंच, तर हळू वेगात सरळ मधून जा. कडेने गेलात की वाट रुंदावते, वर सांगितलं तशी. उतारावर मागचं चाक लॉक करून घसरत जाऊ नका, मातीचा वरचा थर त्यानेच सोलून निघतो. ओल्या मुळांवर आणि शेवाळलेल्या दगडांवर चाक काटकोनात न्या, तिरकं नको, आणि त्यावर असताना ब्रेकला हात लावू नका.

कर्जत-नेरळकडे जाणार असाल तर एक कळकळीची विनंती: भातखाचरांच्या बांधावरून सायकल घालू नका. लांबून ती छान अरुंद ट्रेल वाटते. बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं, आणि लावणी झालेली असते.

घरी आल्यावर. बहुतेक सोसायट्यांत पाइप लावू देत नाहीत, ते एका अर्थी बरंच आहे. जोराचा फवारा हब (चाकाचा मधला भाग), बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस) आणि हेडसेट (हँडल फिरतं तो सांधा) यांच्या बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो. एक बादली, एक मग, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश पुरतो. चेन मात्र त्याच रात्री पुसा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत सकाळपर्यंत तिला तांबूस झाक येते. कोरडी झाली की वेट ल्यूब (पावसाळी वापराचं चेनचं तेल) प्रत्येक कडीवर एकेक थेंब, आणि वरचं जास्तीचं पुसून टाका, नाहीतर रेती चिकटून तीच पॉलिशपेपर होते. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला ठीक आहे, पण ते चेनचं तेल नव्हे. ब्रेकच्या डिस्कवर त्याचा शिंतोडाही उडू देऊ नका, पॅड वाया जातात. महिन्यातून एकदा सीटपोस्ट (सीटचा दांडा) काढून सायकल उलटी करा. फ्रेममधून किती पाणी निघतं ते बघून दचकाल. ब्रेक पॅड रेझिनचे असतील तर पावसाळ्यापुरते सिंटर्ड (धातूच्या पुडीचे) लावा, तुमच्या डिस्कला चालत असतील तर; चिखलात ते जास्त टिकतात.

सायकलइतकंच स्वतःकडे बघा. आरेत तबेले आहेत, त्या चिखलात काय काय मिसळलेलं असतं ते सांगायला नको. बाटलीच्या तोंडावर उडालेला चिखल पुसल्याशिवाय पाणी पिऊ नका. पायाला खरचटलेलं असताना साचलेल्या पाण्यातून गेला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. लेप्टोचा (प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) इशारा महापालिका दर पावसाळ्यात उगाच देत नाही.

आणि एक जास्तीचा हँगर आत्ताच घेऊन बॅगेत टाका. तो मॉडेलप्रमाणे वेगळा असतो, दुकानात सहज मिळत नाही. माझा यायला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊही दिवसांत पाऊस उघडला होता.