होसोकावांचं कुंभारकाम ही कला की रिकामटेकडेपणा?

तुमचे वडील माजी नगरसेवक, आता त्यांना कुंभारकाम शिकायचंय, आणि ते जपानचे माजी पंतप्रधान मोरिहिरो होसोकावांचा दाखला देतात. तुम्ही विचारताय, ही कला की रिकामटेकडेपणा? हा शेवटचा शब्द मी तोंडावर ऐकलाय, म्हणून लिहितोय.

अठ्ठावन्नाव्या वर्षी नोकरी संपली आणि मी चाकावर बसलो. पहिले चार महिने गोळा चाकाच्या मधोमध बसवण्यातच गेले. हात जरा ढळला की गोळा डुगडुगतो. सहाव्या महिन्यात पहिला कप भट्टीतून धड बाहेर आला. साडूभाऊ आलेले, मुद्दाम त्यातच चहा दिला. दोन घोट होतायत तोवर त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर थेंब! बूड नीट दाबलं नव्हतं, तिथे इंग्रजी एससारखा बारीक तडा. "रिकामटेकडेपणाला गळती लागली की हो!" सगळं घर हसलं, बायकोसुद्धा.

होसोकावांनी 1993 मध्ये एकाच पक्षाची 38 वर्षांची सत्ता मोडली आणि वर्षही पुरं व्हायच्या आत जुन्या कर्जाच्या प्रकरणात पायउतार झाले. 1998 मध्ये, साठीला, राजकारण सोडलं आणि नारा इथे कुंभार शिरो त्सुजिमुरांकडे शिकायला गेले. मग युगावाराला स्वतःची भट्टी. राकूचा, म्हणजे जपानी चहाविधीचा वाडगा चाकावर काढत नाहीत, हातानेच घडवतात आणि लालबुंद असतानाच चिमट्याने भट्टीबाहेर ओढतात. रिकामटेकड्या माणसाने एकदा तो चिमटा धरून दाखवावा. साडूंनी तर नक्कीच.

नाव खपतं का? खपतं. शिवाय घराणं कुमामोतोच्या सरंजामदारांचं, पूर्वज तादाओकी हा चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यूचा शिष्य. घरातली उत्तम भांडी बघत वाढलेला माणूस तो. आपल्याकडे स्टीलचे पेले. आणि राजकारण पुरतं सुटलं असंही नाही, 2014 मध्ये टोकियोच्या गव्हर्नरपदाला उभे राहून पडले. वडिलांच्या बाबतीत तेवढं लक्ष ठेवा.

बाकी बसू द्या त्यांना. पाठ धरेल, बुटकं स्टूल घ्या. पहिल्या वर्षीचं भांडं पाहुण्यांपुढे मात्र ठेवू नका.

तो गळका कप अजून आहे, त्यात पेनं ठेवतो. नंतरचे कप गळत नाहीत, पण साडूंना चहा मी पेल्यातच देतो.