बोअरच्या पाण्यात फ्लोराइड, ग्रामपंचायत म्हणते खासगी आहे

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, केळापूर तालुका. घरची बोअर आहे, पाणी दिसायला काचेसारखं. पण मुलाच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आलेत, डॉक्टर म्हणाले फ्लोराइड असेल. ग्रामसेवक म्हणतात खासगी बोअर आमच्याकडे येत नाही, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका. काय करू?

उत्तर: दादा, आधी टीसीएलचंच सांगते कारण गावोगाव इथेच घोळ होतो. टीसीएलने जंतू मरतात, फ्लोराइडला काहीही होत नाही. उकळूनही जात नाही, उलट पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं. ते खडकातून विरघळून येतं, पाणी खडकात जितकं जास्त दिवस राहिलेलं तितकं जास्त, त्यामुळे कुणी अजून खोल बोअर मारा म्हटलं तर त्यात पैसे घालू नका.

आता तपासणी. बोअर पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने विसळून भरा (काचेची नको) आणि सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या, फी भरून खासगी नमुनाही घेतात. गावच्या जलसुरक्षकाकडे (पंचायतीचं पाणी बघणारा माणूस) पाणी तपासायचं किट असेल तर तोवर त्यावर बघून घ्या, फ्लोराइड जास्त असेल तर किटमधल्या द्रावणाचा गुलाबी रंग पिवळ्याकडे जातो, पण कागदावरचा आकडा लॅबचाच लागतो. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५, त्याच्या वर प्यायचं नाही म्हणजे नाही.

ग्रामसेवकांचं अर्धं बरोबर आहे, नेहमीची तपासणी सार्वजनिक स्रोतांचीच होते. पण खडक काय सातबारा बघून बदलतो का? तुमच्या बोअरला निघालं तर शेजारच्या हातपंपालाही असू शकतं आणि तो तर पंचायतीचाच आहे ना! म्हणून रिपोर्ट जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ग्रामसभेत विषय घ्यायला लावा, सार्वजनिक स्रोतांचे रिपोर्ट वाचून दाखवा म्हणा आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेला पत्र पाठवायला सांगा. जलजीवन मिशनमध्ये २०१९ पासून घरटी नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं ठरलंय, तेही पिण्यालायक, हे ग्रामसभेत ठासून बोला.

नळ येईपर्यंत पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी वेगळं आणा, किंवा आरओ बसवा, साध्या कँडलच्या फिल्टरने फ्लोराइड निघत नाही. आंघोळ, भांडी, कपड्यांना बोअरचं चालेल. मुलाच्या दातांवरचे डाग धुऊन जाणार नाहीत, पण घरात आठ वर्षांखालचं आणखी लेकरू असेल तर त्याचे पक्के दात अजून आतमध्ये तयार होतायत, त्याचं पाणी आजच बदला, रिपोर्टची वाट बघू नका.