मदरबोर्ड-प्रोसेसर नवा घेताना दहा वर्षांपूर्वीचा एसएमपीएस चालेल का?

तुम्ही लिहिलंय की घर जिंतूरला, कॉम्प्युटर 2014 साली जुळवून घेतलेला, आणि आता बोर्ड, आय3-12100 प्रोसेसर आणि रॅम नवीन टाकताय. कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर (म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) 450 वॅट छापलंय. दुकानदार म्हणतो बदला, आणि तो खरं सांगतोय की माल खपवतोय हे तुम्हाला कळेना. मी परभणीत कॉम्प्युटर दुरुस्तीच करतो, त्यामुळे दुकानदाराच्या बाजूनं बोलेन असं वाटेल. म्हणून आधी त्याच्या विरोधातलं सांगतो.

वॅट कमी पडतील असं कारण त्यानं दिलं असेल तर ते खोटं आहे. आय3-12100 चा बेस, म्हणजे नेहमीच्या वेगातला खर्च 60 वॅट आणि टर्बोत, म्हणजे वेग वाढवल्यावर जास्तीत जास्त 89 वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरून वर तीस-चाळीस घाला. म्हणजे पूर्ण ताण दिला तरी तुमची मशीन 130 च्या आसपास थांबते.

आता कॅबिनेटचं झाकण काढा आणि एसएमपीएसवरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातलं 450 सोडून द्या, खालच्या बारीक तक्त्यात +12V च्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. कॅबिनेटसोबत येणाऱ्या डब्यांवर तिथं बहुतेकदा 14 नाहीतर 16 सापडतं. 12 गुणिले 14 म्हणजे 168 वॅट. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज या 12 व्होल्टवरूनच ओढतात. 450 चा आकडा 3.3 आणि 5 व्होल्टच्या लाइनी मिळवून फुगवलेला असतो, आणि स्वस्त डब्यात तर तेवढाही खरा नसतो. तरी कागदावर 168 मधून 130 भागतात. मग मी बदला का म्हणतोय?

एक तर वय. आतल्या कपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या नळकांड्यांचं आयुष्य तापमानावर असतं. ढोबळ हिशेब असा की दर 10 अंश वाढीला ते निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा 42-43 वर, कॅबिनेट भिंतीला चिकटवून टेबलाखाली ढकललेलं, आणि पंख्याच्या जाळीवर धुळीचा थर. जिनिंगच्या बाजूला राहणाऱ्यांचे एसएमपीएस माझ्याकडे येतात, त्यांच्या जाळीवरचा कापसाचा भुरा नखानं धरून अख्खा चकतीसारखा सोलून निघतो. त्यातून हवा कुठून जाणार? टॉर्च मारून जाळीतून आत बघा. कपॅसिटरचं डोकं सपाट असायला हवं. फुगलेलं असेल किंवा त्यावर तपकिरी डाग असेल, तर पुढचं वाचूही नका, नवा घ्या. डबा मात्र उघडू नका. 230 व्होल्टचं आत डीसी झालं की सव्वातीनशे होतात, आणि वायर काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ते काही वेळ राहतात.

दुसरं म्हणजे आपली लाईट. शेतीच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की होल्टेज बसतं, सुटल्या की उसळतं. डीपीवरचा न्यूट्रल सुटला तर घरात 230 ऐवजी साडेतीनशेच्या वर जाऊ शकतं. चांगला एसएमपीएस अशा वेळी बहुधा स्वतः जळून बोर्ड वाचवतो. कॅबिनेटवाल्या डब्यात पैसे वाचवण्यासाठी नेमके तेच संरक्षणाचे भाग गाळलेले असतात. जुना बोर्ड गेला असता तर हळहळ झाली असती, नवा गेला तर सगळा खर्च पाण्यात.

इन्व्हर्टरवर असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. लाईट गेल्यावर कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो का? वीज तुटली तरी एसएमपीएसनं साधारण 16-17 मिलिसेकंद मशीन तगवून धरायची असते, तेवढ्यात इन्व्हर्टर सुरू व्हावा ही अपेक्षा. कपॅसिटर सुकले की हा वेळ घटतो. लोक इन्व्हर्टरवाल्याला बोलावतात, बॅटरीत पाणी टाकतात, आणि दोष निघतो एसएमपीएसचा. त्याआधी इन्व्हर्टरमागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना, तेवढं बघा. साध्या मोडवर असेल तर नवा एसएमपीएसही तगणार नाही.

“चालायलंय की चांगलं, कशाला बदलायचं?” हे मला रोज ऐकायला मिळतं. हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवणारेही येतात. त्यानं फक्त तो सुरू होतो एवढं कळतं, भार घेतो की नाही ते नाही. बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) 12 व्होल्टचा आकडा 11.4 ते 12.6 च्या दरम्यान दिसला तरी तिथं प्रोसेसरला फारसं काम नसतं. खरा निकाल जड काम चालू असताना लागतो.

हेच तुमच्याकडे नामांकित कंपनीचा, चार-पाच वर्षांचा, वॉरंटी शिल्लक असलेला एसएमपीएस असता तर मी दुकानदाराशी भांडा म्हणालो असतो. तसा माल बिनधास्त पुढच्या मशीनला लावावा. तुमचा तो नाही.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर मात्र एसएमपीएसला दोष देऊ नका. त्यातल्या फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या घरात पत्र्यावर निम्मं होल्टेज तरंगत राहतं, नव्यातही तेच होईल. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल तर पाणी ओता.

घेताना: ग्राफिक्स कार्ड नक्की घ्यायचं नसेल तर 80 प्लस ब्राँझचा (हा कमी वीज वाया घालवण्याचा शिक्का) 450 वॅट पुरेसा आहे. पुढेमागे आरटीएक्स 3060 सारखं 170 वॅटचं कार्ड मनात असेल तर आत्ताच 550 चा घ्या. नव्या बोर्डावर प्रोसेसरजवळचं सॉकेट आठ पिनांचं असेल आणि जुन्या एसएमपीएसला चारच पिना असतील, तर मोलेक्सवरून (जुन्या हार्डडिस्कला लागणारी चार पिनांची वायर) आठ पिन करणारं कन्व्हर्टर कोणी दिलं तरी लावू नका, त्या वायरी तापतात. मोड्युलर, म्हणजे केबल काढता-घालता येणारा एसएमपीएस घेतलात तर त्याच्याच केबल वापरा. दुसऱ्या कंपनीची केबल खाचेत बसते, पण आतली जोडणी वेगळी असल्यानं हार्डडिस्क जळू शकते. आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तो लागतो.