चित्र काढायला बसल्यावर डोक्यात सगळा गोंधळ असेल, तर आधी तो निस्तरावा की तसंच सुरू करावं?

तुम्ही लिहिलंय की काय काढायचं हे नक्की होत नाही, म्हणून कागद कोराच राहतो. मी बारा वर्षं जलरंगात काम करते आहे. माझं उत्तर : तसंच सुरू करा.

लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत चित्रकारांना सांगून ठेवलंय की डाग पडलेल्या भिंतीकडे बघत राहा, त्यात डोंगर, नद्या, लढाया दिसू लागतील. धूसर, अस्पष्ट गोष्टींतूनच मनाला नवं सुचतं, असं तो म्हणतो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये अलेक्झांडर कोझेन्स या चित्रकाराने तर डागांची रीतसर पद्धतच बसवली आणि 1785 च्या सुमारास त्यावर पुस्तक काढलं. कागद चुरगळून पुन्हा सपाट करायचा, मोठ्या ब्रशने शाईचे डाग भराभर टाकायचे, मग वर पारदर्शक कागद ठेवून त्या डागांतून निसर्गचित्र शोधायचं. मात्र डाग टाकताना चित्राची ढोबळ कल्पना मनात हवी, असंही तो बजावतो. मला ही अट फार मोलाची वाटते. नदीकाठ काढायचाय एवढं ठरलेलं असावं. झाड कुठे आणि सावली किती, हे कागदावर ठरू द्यावं.

वाईजवळच्या मेणवलीच्या नदीघाटावर एकदा आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, दिला होता : अल्ट्रामरिन हा गडद निळा आणि थोडा बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी. तो अर्धवट सुकलेला असताना ब्रशमधून पाण्याचा थेंब पडला. अशा वेळी पाणी रंगकणांना बाजूला ढकलत जातं आणि कडेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी किनार उमटते. पूर्वी मी घाईने टिश्यूने टिपायचे आणि तिथे नुसता चिखल व्हायचा. त्या दिवशी हात आवरला. पायऱ्या रंगवून वर पाहिलं, तर देवळामागे ढग चढून आल्यासारखा वाटला. मग उजवीकडे योजलेलं मोठं झाड मी काढलंच नाही. त्या ढगाने चित्राचा तोल सांभाळला होता. हे मला घरी बसून कधीच सुचलं नसतं.

हात अडतो तो पुष्कळदा गोंधळाने नव्हे, कागद वाया जाईल या धास्तीने. 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम, म्हणजे जाड) कागद महाग असतो, ही धास्ती खोटी नाही. म्हणून त्याचे चार तुकडे करा, फसलेल्या चित्रांची पाठकोरी बाजू वापरा. पहिला वॉश दिल्यावर पूर्ण सुकेपर्यंत काहीही दुरुस्त करू नका. जलरंग सुकल्यावर फिका होतो, त्यामुळे ओला असताना जो डाग खटकतो तो नंतर बरेचदा खटकत नाही. सुकल्यावर कागद उलटा धरून बघा, आडवा धरून बघा, आणि मगच पेन्सिल हातात घ्या.